लहान मुलांचे वाचन आणि बौद्ध कुटुंब



धम्मदीक्षा घेतल्यावर घरातला पहिला बदल दिसतो तो भिंतीवर. देव्हारा जातो आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा येते. दुसरा बदल कानाला जाणवतो. सायंकाळी वंदना सुरू होते, आणि घरातील चार-पाच वर्षांचे मूलही महिन्याभरात त्रिशरण-पंचशील घडाघडा म्हणू लागते. आईवडिलांना त्याचा आनंद वाटतो आणि तो वाटावयासच हवा. पुढे मुलाच्या हातात वंदनेची पुस्तिका दिली की ते ओळींवरून बोट फिरवीत सर्व म्हणून दाखविते. पाहुणे कौतुकाने म्हणतात, "एवढंसं पोर, पण वाचतं हो!"

ते खरोखर वाचते काय, हे तपासणे अगदी सोपे आहे. पुस्तिकेच्या मधल्या पानावरील एका ओळीतला एकच शब्द उघडा ठेवा, मागचा-पुढचा भाग हाताने झाका, आणि मुलाला विचारा. बहुतेक मुले गप्प होतात, किंवा मनातल्या मनात ओळ पहिल्यापासून म्हणत त्या शब्दापर्यंत येऊ पाहतात. याचा अर्थ मुलाचे पाठ आहे, त्याला वाचता येत नाही.

पाठांतर वाईट आहे असे मी म्हणत नाही. तथागतांचे वचन शेकडो वर्षे भिक्खूंनी मुखोद्गत ठेवूनच जपले. ते सिंहलद्वीपात लेखनिविष्ट झाले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. परंतु पाठांतर आणि वाचन यांतला फरक इतर कोणी विसरला तरी आपण विसरून चालणार नाही. आपल्या कित्येक पिढ्या ऐकण्यात गेल्या. पोथी एकाने वाचावयाची आणि बाकीच्यांनी दूर बसून माना डोलवावयाच्या. त्याने सांगितले तेच पोथीत लिहिले आहे की नाही हे पडताळून पाहण्याचे साधन आपल्या हाती नव्हते. धम्माचे वर्णन 'एहिपस्सिको' असे केले जाते, म्हणजे 'ये आणि स्वतः पाहा'. ज्याला अक्षर येत नाही त्याने काय पाहावयाचे? म्हणून मुलाचे वाचन हा केवळ शाळेचा किंवा परीक्षेचा विषय नाही. नवदीक्षित कुटुंबात तो धम्माचाच विषय आहे.

आपला रत्नागिरी जिल्हा या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. रत्नागिरी शहरात १८२८ साली वाचनालय निघाले. त्यानंतर साठाहून अधिक वर्षांनी, १८९० च्या दशकात, याच जिल्ह्यातील दापोलीत पलटणीतून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांना आपल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी सरकारकडे अर्ज करावे लागत होते. प्रवेश देऊ केला तरी मुलांनी बसावयाचे कोठे, वर्गात की व्हरांड्यात, यावर वाद होत. अर्ज करणारे हे लोक निरक्षर नव्हते, हे येथे महत्त्वाचे आहे. कंपनी सरकारच्या पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण मिळत असे. तेथे अक्षर मिळाले म्हणूनच दापोलीस राहून गोपाळबाबा वलंगकर १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहू शकले.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे त्याच परंपरेतले. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. ते लष्करी शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते. ते कबीरपंथी. घरात रोज पहाटे व सायंकाळी भजन-वाचन होई, आणि मुलांना त्यात भाग घ्यावाच लागे. ते रामायण-महाभारत मुलांकडून वाचून घेत. हे ग्रंथ कशासाठी वाचावयाचे, असा प्रश्न बाबासाहेबांनी लहानपणीच वडिलांना केला होता. म्हणजे ज्या ग्रंथांचा त्यांनी पुढे त्याग केला ते त्यांनी आधी स्वतः वाचलेले होते. ऐकीव माहितीवर त्यांनी काहीच नाकारले नाही. पुढे मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत असता सुभेदार स्वतः जागत आणि मुलाला अभ्यासासाठी पहाटे दोन वाजता उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले की आपल्या विवाहित मुलींकडे जात. शाळेने मुलाला बसावयास गोणपाट आणावयास लावले त्या काळात घराने त्याला पुस्तक दिले. विद्यार्थिदशेतील सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले, आणि १९५६ च्या धम्मक्रांतीच्या अनेक मुळांपैकी एक मूळ तेथे आहे. पण ते पुस्तक एका वाचणाऱ्या मुलाच्या हाती पडले. न वाचणाऱ्या मुलाच्या हाती पडते तर फळीवर राहिले असते.

यावर आपल्या भगिनी म्हणतील, "बाई, सुभेदार शिकलेले होते. आम्हांला कुठे येतं? आमच्या घरात मुलाला शिकवणार कोण?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर बोधवचनाने देता येत नाही. कोकणातील आपल्या बौद्धवाड्यांत कितीतरी घरी वडील मुंबईस नोकरीला आणि मूल आई-आजीपाशी, अशी स्थिती आहे. आजीला अक्षर येत नाही, आईचे शिक्षण चौथी-सातवीला सुटलेले. तरीही माझे सांगणे असे की मुलाला वाचावयास लावण्याच्या कामातले निम्मे काम निरक्षर आईही करू शकते. कारण ते अक्षरांचे कामच नाही.

पहिले काम बोलण्याचे. मुलाला जे शब्द बोलता येतात तेच पुढे ते पुस्तकात ओळखते. ज्या मुलाशी घरात दिवसभर 'ऊठ', 'बस', 'जेव', 'गप' एवढेच बोलले जाते, त्याला पुस्तकातली ओळ जुळवून वाचता आली तरी अर्थ लागत नाही. भात लावताना, काजू वेचताना, मासे निवडताना मुलाशी बोला. हे काय, कशासाठी, याच्या आधी काय केले, नंतर काय करावयाचे, असे सांगत राहा आणि त्यालाही सांगू द्या. रात्री गोष्ट सांगा. बाबासाहेबांच्या लहानपणच्या गोष्टी, राजपुत्र सिद्धार्थ आणि जखमी हंस, अंगुलिमाल. गोष्ट सांगून झाली की दुसऱ्या दिवशी तीच मुलाकडून ऐका.

दुसरे काम कानाचे. 'भात' या शब्दाच्या सुरुवातीला कोणता आवाज आहे हे मुलाला ओळखता आले पाहिजे; त्याशिवाय 'भ' हे चिन्ह त्याला दाखवून उपयोग नाही. यासाठी गाण्यांच्या भेंड्यांऐवजी शब्दांच्या भेंड्या खेळा. मगर, रवा, वाटी, टीप, असे चालते. चुलीपुढे बसून हा खेळ होतो, आणि यात अनेकदा आजीच जिंकते!

तिसरे काम विचारण्याचे. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पण शाळेतून आल्यावर ती रोज विचारी, "आज काय वाचलंस गं? मला वाचून दाखव." मी चुकीचे वाचले तर तिला कळत नसे, पण मी अडखळले की कळे; आणि वाचलेल्याचा अर्थ तिला सांगता आला नाही तर ती म्हणे, "मग तुलाच समजलं नाही." पुढे शिक्षिका झाल्यावर मी अध्यापनाची पुष्कळ पुस्तके वाचली. वाचन म्हणजे अर्थ कळणे, हे तिने सांगितलेले सूत्र मला त्यांत कोठेही खोटे ठरलेले दिसले नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्टही तेच आहे : तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे. कारण चौथीपासून गणित, विज्ञान, इतिहास हे सर्व विषय मूल वाचूनच शिकणार असते. तेथे मागे पडलेले मूल पुढे सर्वच विषयांत मागे पडते, आणि मग लोक म्हणतात की यांच्या डोक्यात अभ्यास शिरत नाही. हे वाक्य आपण पूर्वी फार ऐकले आहे.

आता अक्षरांकडे वळू. पुष्कळ पालक 'अ आ इ ई' पासून 'ज्ञ' पर्यंत बाराखडीसह सर्व पाठ करून घेतात आणि मग वाचनास बसवितात. मुलाला तोपर्यंत कंटाळा येतो. शाळेत 'ग म भ न' पासून आरंभ करतात त्यामागे विचार आहे. ही अक्षरे लिहावयास सोपी आहेत, आणि चार अक्षरे येताच मुलाला शब्द वाचता येतात : मन, नग, गमन, नमन, गगन. पहिल्याच आठवड्यात आपल्याला वाचता येते हा अनुभव मुलाला मिळतो. त्यातही 'मन' हा शब्द पहिल्या चार अक्षरांतच यावा याचे मला नेहमी समाधान वाटते. धम्मपदाचा आरंभ मनापासूनच आहे.

मग र, घ, ळ, त, व अशी अक्षरे एकेक करून वाढवा. घर, नळ, गरम, नगर, मगर हे शब्द होतात. काना शिकविला की भात, गाव, नाव, वारा, आणि 'रमा'. दुसरी वेलांटी शिकविली की 'भीम'. आपल्या मुलाला आपल्या घरातले हे दोन शब्द स्वतः वाचता आले म्हणजे त्याचा चेहरा कसा होतो ते पाहावे! पालकांना मात्र घाई असते की मुलाने पहिल्याच दिवशी 'बुद्ध' लिहावे. हा शब्द दिसावयास लहान असला तरी वाचावयास कठीण आहे. त्यात उकार आहे आणि 'द्ध' हे जोडाक्षर आहे. 'प्रज्ञा' त्याहून कठीण. 'शील' सोपा, 'करुणा' मध्यम. चित्राप्रमाणे 'बुद्ध' शब्द ओळखणे निराळे, ते मुलाने खुशाल ओळखावे. पण तो सोडवून वाचण्याची अपेक्षा जोडाक्षरे येईपर्यंत ठेवू नये. (जाता जाता : 'धर्म' या शब्दातील रफार मुलांना फार छळतो. तो डोक्यावर बसतो एका अक्षराच्या आणि उच्चार होतो त्याच्या आधी. पाली 'धम्म' त्या मानाने सरळ आहे.)

वाचावयास पुस्तक नाही ही सबब आता चालणार नाही. पाठ्यपुस्तक शाळेतून मिळते, पण त्याच्याही आधी रस्ता आहे. एस.टी. च्या पाट्या मुलाला वाचू द्या. 'खेड' आणि 'लांजा' लवकर येतील, 'राजापूर' आणि 'चिपळूण' त्यानंतर, 'रत्नागिरी' सर्वांत शेवटी, कारण तीत 'त्न' आहे. 'मंडणगड' ह्या शब्दात तर एका अनुस्वाराशिवाय काहीच नाही. साधी अक्षरे आलेले मूल बाबासाहेबांच्या मूळ गावाच्या तालुक्याची पाटी वाचू शकते. भिंतीवरचे कॅलेंडर, साबणाचे वेष्टन, रेशनकार्डावरचे आपले नाव, विहारावरील फलक, हे सर्व वाचनपाठच आहेत. पाटी-पेन्सिल नसेल तर ताटात राख पसरून बोटाने लिहू द्या. उन्हाळ्यात अंगणातल्या तांबड्या मातीवर काडीने लिहिता येते.

एक प्रयोग मात्र ज्या घरात कोणालाही थोडेसे लिहिता येते तेथे अवश्य करावा. मुलाने दिवसातून एक वाक्य सांगावयाचे आणि मोठ्याने ते, मुलाने सांगितले तसेच, वहीत ठळक अक्षरांत लिहावयाचे. "आज आजीने फणस फोडला." मग मुलाने ते बोट ठेवून वाचावयाचे. वाक्य त्याचेच असल्याने अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. तोंडातून निघालेला शब्द कागदावर कसा उतरतो एवढेच त्याला पाहावयाचे असते. महिन्याभरात त्याचे स्वतःचे तीस वाक्यांचे पुस्तक तयार होते. वडील मुंबईस असतील तर रात्री मोबाईलवर ते वाक्य त्यांना वाचून दाखवावे. पूर्वी मुंबईहून पोस्टकार्ड येई आणि ते वाचून घेण्यासाठी आपल्या आया-आज्यांना वाडीतल्या एखाद्या शिकलेल्याच्या दारी जावे लागे. नवऱ्याने बायकोला लिहिलेली चार ओळींची गोष्ट आधी तिसऱ्याला कळे. ती लाचारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी अधिक काही सांगावयास नको.

मुलाने सांगितले तसेच लिहावे, असे मी म्हटले. यावर शिकलेले पालक थबकतील. मूल 'पानी' म्हणते, 'येळ' म्हणते, 'इस्तव' म्हणते. ते तसेच लिहावयाचे काय? माझे मत असे की आरंभी तसेच लिहावे. पुस्तकातला 'पाणी' मुलाने 'पानी' असा वाचला तर ते चुकले नाही. त्याने चिन्हे ओळखली आणि आपल्या घरच्या शब्दाशी जोडली, म्हणजे वाचन झाले. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांचा भेद पुढे हळूहळू दाखविता येतो. पण पहिल्याच दिवशी "शुद्ध बोल!" म्हणून दरडावले की मूल तोंड मिटते, आणि आपली आई बोलते ती भाषा खालची आहे हे शिकते. आपल्या लोकांच्या बोलीला हसणारे बाहेर पुष्कळ आहेत. घरात तरी कोणी हसू नये.

या संदर्भात विनयपिटकातील एक प्रसंग ध्यानात ठेवावा. ब्राह्मण कुळातून आलेल्या यमेळु आणि तेकुल या दोन भिक्खूंनी तथागतांना सांगितले की, निरनिराळ्या जातींचे व देशांचे भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवितात, तरी ते छंदस भाषेत घालू द्यावे. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. प्रमाण मराठी मुलाला आलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. ती बाहेरच्या जगाची किल्ली आहे. पण तिच्याकडे जावयाचे ते घरच्या बोलीच्या खांद्यावर बसून.

प्रत्यक्ष शिकविताना दोन-तीन अडचणी हटकून येतात. दिसावयास जवळची अक्षरे मुले उलटसुलट करतात : भ आणि म, ध आणि घ, थ आणि य, ब आणि व. अशी जोडी एकाच दिवशी शिकवू नये. एक पक्के झाल्यावर आठ दिवसांनी दुसरे आणावे. ('ग म भ न' मध्ये म आणि भ जवळ येतात, तेथे 'म' चांगला बसेपर्यंत 'भ' थांबवावा.) पहिल्या वेलांटीचा घोळ निराळा. 'दिवा' लिहिताना वेलांटी 'द' च्या आधी येते, पण तिचा उच्चार 'द' नंतर होतो. मूल डावीकडून उजवीकडे जात असल्याने गोंधळते. यात मुलाचा दोष नाही, लिपीचा स्वभावच तसा आहे. वीस-पंचवीस शब्द वाचले की गोंधळ आपोआप निवळतो. तसेच 'चहा' मधला च आणि 'चमचा' मधला च यांचे उच्चार निराळे असून अक्षर मात्र एकच. मुलाने विचारले तर त्याच्या कानाचे कौतुक करावे.

आणि मूल शिकतच नसेल तर? येथे मला चूळपंथकाची गोष्ट सांगावयाची आहे. महापंथक आणि चूळपंथक हे दोघे भाऊ संघात होते. थोरला हुशार. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने झाले तरी चूळपंथकाला ती येईना. तेव्हा थोरल्या भावाने त्याला, तू येथे राहण्यास अपात्र आहेस, असे सांगून संघातून जावयास सांगितले. तो निघाला असता तथागतांची व त्याची भेट झाली. तथागतांनी गाथा बाजूला ठेवली. त्यांनी त्याच्या हाती एक स्वच्छ कापडाचा तुकडा दिला आणि तो हाताने चोळत बसावयास सांगितले. चोळता चोळता कापड मळले, आणि स्वच्छ वस्तू कशी मळते, कशी बदलते, हे चूळपंथकाने आपल्या डोळ्यांनी पाहिले. चार महिन्यांच्या गाथेने जे झाले नाही ते त्या फडक्याने झाले. अट्ठकथेत पुढे चमत्कारही वर्णिलेले आहेत. ते आपण सोडून देऊ. शिष्य तोच होता. बदलली ती शिकविण्याची रीत.

म्हणून पुस्तकातून येत नसेल तर राखेतून, राखेतून नाही तर चिंचोक्यांनी अक्षर मांडून, नाही तर पाट्यांवरून शिकवावे. डोळे तपासून घ्यावेत. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून 'ढ' ठरलेली मुले प्रत्येक शिक्षकाच्या पाहण्यात असतात. मात्र मारू नये. मार खाल्लेले मूल अक्षराकडे पाहत नाही, मारणाऱ्याच्या हाताकडे पाहते. पंचशील म्हणून झाल्यावर त्याच हाताने पोराच्या पाठीत धपाटा घालणे आणि त्याच तोंडाने "तुला काही येणार नाही" म्हणणे, हे सम्यक वाचेत कसे बसते याचा ज्याने त्याने विचार करावा. थोरल्या भावाची भूमिका आपल्या घरात किती जण करतात!

गावात दोन-चार शिकलेली मुले-मुली असतील तर हे काम घराबाहेरही नेता येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचे मूळ तेथे आहे. आपल्या वाडीत अंगण आहे, आणि बहुतेक ठिकाणी विहारही आहे. तो वंदनेच्या वेळेपुरता उघडून पुन्हा कुलूप लावण्यासाठी बांधलेला नाही. संध्याकाळी वंदनेआधी अर्धा तास लहान मुले आणि एक आठवी-नववीतली ताई एवढे पुरते.

वर्षावासात आपल्याकडे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने कोकणात धो धो पावसाचे, मुले घरातच असतात. वाचन एकच वडीलधारी व्यक्ती करते आणि बाकीचे ऐकतात. यात थोडा बदल करावा असे मी सुचविते. त्या दिवशीचा भाग मोठ्यांनी वाचावाच. परंतु त्यातले एक सोपे वाक्य आदल्या दिवशी निवडून, वहीत मोठ्या अक्षरांत लिहून, घरातल्या लहान मुलाकडून तयार करून घ्यावे आणि वाचनाच्या आरंभी सर्वांसमोर त्याने ते वाचावे. अडखळले तर अडखळू द्यावे, मागून कोणी सांगू नये. मुलींनाही मुलांइतकीच पाळी द्यावी. पाहुणे आले की मुलीला चहाला पिटाळून मुलाला वाचावयास बसविणे आपल्याकडे अजून चालते. आणि वाक्य पाठ झाले आहे की खरोखर वाचले आहे अशी शंका आली, तर वर सांगितल्याप्रमाणे मधला एकच शब्द उघडा ठेवून, बाकीचे झाकून पाहावे.

जोडाक्षरे, म्हणजे 'बुद्ध', 'संघमित्रा', 'प्रज्ञा', 'रत्नागिरी' यांसारखे शब्द मुलाला कसे सोडवून द्यावेत, आणि 'र' ची निरनिराळी रूपे कोणत्या क्रमाने शिकवावीत, याचा विचार पुढील पाठात करू. तोपर्यंत ज्यांच्या घरी पाच-सहा वर्षांचे मूल आहे त्यांनी वाक्यांची वही आजच सुरू करावी आणि तीस वाक्ये झाली की ती विहारात घेऊन यावी.